सही कुणाची, डोकं कुणाचं?

प्रश्न : आमची कंपनी लिफ्टची देखभाल-दुरुस्ती करते. नऊ शाखा आहेत. मी सेवा विभागाची प्रमुख. शाखा व्यवस्थापक मला रिपोर्ट करतात आणि मी संचालकांना. दोन वर्षांपूर्वी एका शाखेत गडबड सापडली. तिथला व्यवस्थापक सुटे भाग मेहुण्याच्या फर्मकडून चढ्या भावाने घेत होता. त्याला काढलं, ते योग्यच झालं. पण त्यानंतर सगळ्याच शाखांचे अधिकार काढून घेतले गेले. आता दाराचा एक सेन्सर घ्यायचा तरी मुख्य कार्यालयाची मंजुरी लागते. कोणता टेक्निशियन कोणत्या साइटवर जाणार हे वेळापत्रक मुख्य कार्यालयातून येतं. ग्राहकाला बिलात थोडी सवलत द्यायची तरी वर विचारायचं.

त्यामुळे बंद पडलेली लिफ्ट दोन-तीन दिवस बंदच राहते. टेक्निशियन जिने चढून वर जातो, बिघाड ओळखतो, फोटो पाठवतो आणि मंजुरीची वाट बघत खाली येऊन बसतो. माझे दोन सर्वांत हुशार शाखा इंजिनिअर सहा महिन्यांत सोडून गेले. राहिलेले वाईट नाहीत, पण काहीही विचारलं तरी 'वरून काय येतंय बघू' एवढंच म्हणतात.

दुसरी बाजूही सांगते. तक्रारीसाठी सगळ्या शाखांचा मिळून एकच नंबर झाल्यापासून फोन उचलले जातात, पूर्वी सगळं रामभरोसे होतं. सुरक्षेचं प्रशिक्षण आता सगळीकडे सारखं आहे. एक जुने व्यवस्थापक तर मला म्हणाले, "मॅडम, आता रात्री झोप लागते. निर्णय त्यांचा, शिव्याही त्यांनाच."

संचालकांनी तीन आठवड्यांत टिपण मागितलं आहे : कंपनीची रचना केंद्रित ठेवावी की विकेंद्रित करावी, आणि त्याचा कर्मचाऱ्यांच्या कामगिरीवर काय परिणाम होतो. माझं मन विकेंद्रीकरणाकडे झुकतं, पण खात्री नाही. मी स्वतः शाखांकडून ग्राहकांना जाणारा प्रत्येक मेल आधी वाचते, त्यात रात्रीचे अकरा वाजतात, पण दर्जा राखायचा तर तेवढं करावंच लागतं. तेव्हा नियंत्रण अजिबात नको असंही मला वाटत नाही. काय लिहू?

— एक सेवा विभागप्रमुख

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य मी दोनदा वाचलं. त्याच्याकडे नंतर येतो. ते आधी घेतलं तर तुम्ही रागावाल आणि पुढचं वाचणार नाही.

आधी संचालकांचा प्रश्न. 'केंद्रित की विकेंद्रित' असं विचारलं की उत्तर देणारा आपोआप एका बाजूला जाऊन उभा राहतो आणि टिपणाचं भाषण होतं. तुम्हाला त्याची गरज नाही, कारण दोन्हींचा हिशेब तुमच्या पत्रातच पडलेला आहे. फोन नंबर एक केला, काम सुधारलं. सेन्सरची मंजुरी वर नेली, काम बिघडलं. कंपनी तीच, माणसं तीच, संचालकही तेच. मग फरक पडला तो कोणता निर्णय हलवला यामुळे. टिपणात 'कंपनी' हा शब्द जमेल तितका टाळा आणि निर्णयांना नावाने हाक मारा : सेन्सर, वेळापत्रक, सवलत, ब्रेक.

एक जुना प्रयोग सांगतो, तो तुमच्या कामाला येईल. १९५१ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या हॅरल्ड लेव्हिट यांनी पाच-पाच जणांचे गट केले. टेबलाभोवती बसवलं, मध्ये आडोसे लावले. बोलायचं नाही, फक्त चिठ्ठ्या सरकवायच्या. प्रत्येकाच्या कार्डावर काही चिन्हं होती, आणि पाचही कार्डांवर असलेलं एकमेव चिन्ह कोणतं ते शोधायचं होतं. काही गटांत सगळ्या चिठ्ठ्या मधल्या एकाच माणसाकडे जायच्या. काही गट गोलात बसवलेले, तिथे फक्त शेजारच्या दोघांशी चिठ्ठ्यांची देवघेव. मधला माणूस असलेल्या गटांच्या चुका कमी झाल्या, चिठ्ठ्याही कमी लागल्या. गोलातल्या गटांचा गोंधळ जास्त, पण काम आवडलं ते त्यांना. मधला माणूस असलेल्या गटांत काम आवडलं ते मुख्यतः त्या मधल्या माणसाला. (सध्याची रचना संचालकांना का आवडते याचं निम्मं उत्तर इथे आहे. हे मात्र टिपणात लिहू नका.)

एवढ्यावर थांबलं तर केंद्राची बाजू जिंकली. पण पुढे १९५३ मध्ये तिथल्याच संशोधकांनी चिन्हांच्या जागी गोट्या ठेवल्या. साध्या एकरंगी गोट्या होत्या तोवर काही अडलं नाही. मग त्यांनी ढगाळ, रंगांत रंग मिसळलेल्या गोट्या दिल्या. आता एकाच गोटीला एक जण हिरवट म्हणणार, दुसरा निळसर म्हणणार, तिसरा अजून काही. सगळ्यांच्याच चुका वाढल्या. पण गोलातल्या गटांनी हळूहळू आपसात शब्द जुळवून घेतले आणि त्यांच्या चुका पुष्कळ कमी झाल्या. मधल्या माणसावर अवलंबून असलेल्या गटांना ते तसं जमलं नाही. मला त्याचं कारण असं वाटतं : गोलात प्रत्येक जण शेजाऱ्याला 'निळसर म्हणजे नक्की कसली?' असं विचारू शकतो. मधला माणूस असलेल्या रचनेत कडेला बसलेल्याला आपल्या शब्दामुळे गोंधळ झालाय हेच कळत नाही, आणि मधल्याला पाचांचे पाच शब्द निस्तरत बसावं लागतं.

आता तुमचं कामकाज बघा. तक्रारीचा फोन ही एकरंगी गोटी आहे. पत्ता, लिफ्ट क्रमांक, कुणी आत अडकलंय का, एवढं विचारून नोंदवायचं आणि योग्य शाखेकडे पाठवायचं. ते एका जागी आणणं शहाणपणाचं होतं, आणि तुमच्या लोकांनी ते मान्य केलंय. बंद लिफ्ट मात्र ढगाळ गोटी आहे. दार मध्येच का उघडतं? सेन्सर गेलाय, वायर घासलीय, की दाराच्या खाचेत कुणी काहीतरी अडकवून ठेवलंय? टेक्निशियन तिथे उभा आहे, आवाज ऐकतोय, हात लावून बघतोय. हे सगळं एका फोटोत आणि दोन ओळींत बसवून मुख्य कार्यालयात पाठवलं की तिथल्या माणसाच्या हातात 'निळसर' एवढंच पडतं. तो वाईट नाही, आळशीही नाही. त्याला गोटी दिसत नाही इतकंच.

कामगिरीचा प्रश्न खरा सुरू होतो तो यानंतर. उशीर तुम्हाला दिसतो, कारण तो मोजता येतो. त्याहून मोठं नुकसान मोजणीत येत नाही. माणूस बघायचं सोडून देतो. दाराचा सेन्सर बदलायचा की नाही हे आपण ठरवणार असलो, तर टेक्निशियन शेजारच्या लिफ्टचाही आवाज ऐकतो, मागच्या वेळी काय झालं होतं ते आठवतो, वॉचमनला दोन प्रश्न विचारतो. ठरवणार दुसराच असेल तर तो फोटो काढतो. फिलिप आगियाँ आणि झाँ तिरोल या अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये हीच गोष्ट गणिताच्या भाषेत मांडली. त्यांनी औपचारिक अधिकार आणि खरा अधिकार असे दोन भाग केले. औपचारिक अधिकार कागदावर असतो, आणि खरा अधिकार ज्याच्याकडे माहिती असते त्याच्याकडे. वरचा माणूस ऊठसूट निर्णय फिरवू लागला की खालचा माहिती काढायची मेहनतच घेत नाही, कारण ती वायाच जाणार असते. त्यांच्या मांडणीतली एक गोष्ट मला फार आवडते. ज्या साहेबाच्या हाताखाली खूप माणसं असतात, त्याला प्रत्येकाच्या कामात नाक खुपसायला वेळ मिळत नाही, आणि त्यामुळेच त्याच्या माणसांची उमेद टिकून राहते. साहेब व्यग्र असण्याचेही फायदे असतात म्हणायचे.

तुमचे लोक 'वरून काय येतंय बघू' म्हणतात त्याला कुणी आळस म्हणेल, कुणी वृत्ती म्हणेल. मी त्याला हिशेब म्हणतो. डोकं लावून मिळत काही नाही, आणि चुकलं तर बोलणी बसतात. अशा वेळी डोकं न लावणं हा शहाणा व्यवहार ठरतो. तो मोडायला प्रेरणादायी व्याख्यानं ठेवू नका. पैसे आणि एक दुपार वाया जाईल.

मी स्वतः काही वर्षं मंजुरीच्या खुर्चीत बसलो आहे, म्हणून पलीकडची बाजूही सांगतो. माझ्या टेबलावर रोज शाखांच्या मागण्यांचा गठ्ठा यायचा. त्यातल्या बहुतेक वस्तू मी डोळ्यांनी पाहिलेल्या नव्हत्या. सगळ्यांवर तशीच सही केली तर आपण इथे कशाला बसलोय, असं वाटायचं, म्हणून मी अधूनमधून एखादी मागणी परत पाठवायचो किंवा आकडा निम्मा करायचो. शाखावाले माझ्यापेक्षा हुशार निघाले. त्यांनी दुप्पट मागायला सुरुवात केली. मी निम्मं करायचो, त्यांना हवं तेवढं मिळायचं, आणि मला वाटायचं मी कंपनीचे पैसे वाचवतोय. मर्यादेपेक्षा मोठी खरेदी असली की तिची दोन छोटी बिलं व्हायची. हे सगळं मला कळलं ते खुर्ची सोडल्यानंतर, एका निरोप समारंभात, आणि सांगणारे हसत होते. तुमच्या नऊ शाखांत हे सुरू झालं नसेल असं मला वाटत नाही. मागच्या सहा महिन्यांच्या मागण्या काढा आणि मर्यादेच्या अगदी खाली किती अडकल्यात ते मोजा.

आता मेहुण्याकडे येऊ. संचालकांची भीती खोटी नाही, आणि टिपणात तिची टिंगल केलीत तर टिपण तिथेच मेलं. मोकळं सोडल्याने बुडाल्याचं ठळक उदाहरण म्हणजे लंडनची बेअरिंग्ज बँक. १७६२ साली सुरू झालेली ही बँक फेब्रुवारी १९९५ मध्ये कोसळली. सिंगापूरमधल्या निक लीसन या एका माणसाच्या सौद्यांत सुमारे ८२ कोटी ७० लाख पौंडांचं नुकसान झालं होतं, आणि ते त्याने एका खात्यात लपवून ठेवलं होतं. शेवटी आयएनजी या डच वित्तसंस्थेने ही बँक एका पौंडाला विकत घेतली. गोष्ट अशी सांगितली की सगळे म्हणतात, बघा, दूरच्या शाखेला मोकळीक दिली की असं होतं. पण बारकाईने पाहिलं तर लंडनहून त्याला वेळोवेळी पैसे पाठवले जातच होते, म्हणजे मुख्य कार्यालय प्रत्येक वेळी हो म्हणत होतं. चूक दुसरीकडे होती. सौदे करणारा आणि त्या सौद्यांचे हिशेब मिटवणारा असे दोन्ही विभाग त्याच्याच हाताखाली होते. आदल्या वर्षीच अंतर्गत तपासणीने यावर बोट ठेवलं होतं, पण तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मंजुरी आणि तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कंपन्या घाबरल्या की पहिलीलाच दुसरी समजतात. मंजुरी कामाच्या आधी येते, प्रत्येकाला अडवते आणि कागद बघते. तपासणी कामानंतर येते, काहींनाच गाठते आणि वस्तू बघते. तुमचा तो व्यवस्थापक मंजुरीच्या जमान्यातही सुखाने नांदला असता. मेहुण्याच्या फर्मचं कोटेशन, आणखी दोन खोटी कोटेशनं, सगळ्यांत कमी दर मेहुण्याचा. कागद एकदम चोख. त्याला पकडायला नऊ शाखांचे त्याच सेन्सरचे दर एका तक्त्यात शेजारी-शेजारी मांडायला हवे होते. एवढं काम महिन्याला एक माणूस एका दुपारी करतो. हे काम मात्र केंद्राचंच आहे, कारण नऊही दर एकत्र फक्त तिथेच दिसतात.

खरेदीच्या बाबतीत संचालकांना दाखवायला एक भक्कम पुरावा आहे. पाकिस्तानातल्या पंजाब प्रांतात सरकारी कार्यालयांसाठी कागद, टोनर असल्या साध्या वस्तू घेणाऱ्या अधिकाऱ्यांवर ओरियाना बंदिएरा आणि सहकाऱ्यांनी एक मोठा प्रयोग केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. काही अधिकाऱ्यांना जास्त मोकळीक दिली : हाताशी थोडी जास्त रोख, आणि हिशेब तपासनीस कोणते कागद मागू शकतो याची पक्की यादी, म्हणजे 'आणखी एक दाखला आणा' बंद. काहींना मोकळीक न देता चांगल्या कामाबद्दल बक्षीस देऊ केलं. मोकळीक मिळालेल्यांनी त्याच दर्जाच्या वस्तू सुमारे ९ टक्के कमी दराने घेतल्या. बक्षिसाचा परिणाम सरासरीने फारसा दिसला नाही. आणि जिथला तपासनीस मुळात अडवणूक करणारा होता, तिथे मोकळीक दिल्याचा फायदा सर्वांत जास्त झाला. याचा अर्थ मोकळीक दिली की कुणी खात नाही, असा नव्हे. खाल्ल्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा अडवल्याने होणारं नुकसान तिथे मोठं होतं. विक्रेत्यालाही कळतं की पैसे कधी मिळतील याचा भरवसा नाही, आणि तो त्याची किंमत दरात लावतो. तुमच्या मंजुऱ्यांचा खर्च असाच कुठेतरी दरात लपून बसलेला असेल. तोही शोधा.

मात्र अधिकार खाली सोडायचे आणि वर बसून डोळे मिटायचे, हेही करू नका. जनरल मोटर्सने ते भोगलंय. १९२० मध्ये तिचे मोटारींचे विभाग इतके स्वायत्त होते की प्रत्येकाने साठे वाट्टेल तसे वाढवून ठेवले. मंदी आली आणि कंपनी बुडता बुडता वाचली. १९२३ मध्ये आल्फ्रेड स्लोन अध्यक्ष झाले. त्यांनी विभागांची स्वायत्तता ठेवली, पण पैसा आणि साठ्याचे आकडे केंद्राकडे घेतले. तरी १९२४ मध्ये पुन्हा घोळ झाला. गाड्या बनत राहिल्या आणि विकल्या जात नव्हत्या. स्लोन स्वतः विक्रेत्यांकडे फिरले, न विकल्या गेलेल्या गाड्यांच्या रांगा डोळ्यांनी पाहिल्या आणि उत्पादन कमी करायला सांगितलं. त्यानंतर विक्रेत्यांकडून दर दहा दिवसांनी आकडे मागवायची पद्धत पक्की झाली. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते ती दहा दिवसांसाठी. अधिकार खाली द्यायचा असेल तर माहिती वर लवकर यायला हवी. तुमच्याकडे सध्या उलटं आहे. परवानगी मागायला रोज वर जावं लागतं, आणि कोणत्या इमारतीतली लिफ्ट महिन्यात चौथ्यांदा बंद पडली हे वर्षअखेरीस कळतं.

ब्रेक, दोर, गव्हर्नर (लिफ्टचा वेग आवरणारा भाग) हा सगळा सुरक्षेचा भाग वेगळा. तिथे शाखेने आपली अक्कल चालवायची नाही. बदलायची मुदत, चाचणीची पद्धत, कोणता सुटा भाग चालतो आणि कोणता नाही, हे एकाच जागी ठरावं आणि सगळीकडे सारखं असावं. पण त्यातही एक अधिकार अगदी खालच्या माणसाकडे हवा : लिफ्ट बंद ठेवण्याचा. टोयोटाच्या कारखान्यांत कामाची पद्धत अगदी काटेकोर ठरवलेली असते, पण काहीतरी चुकतंय असं वाटलं तर साधा कामगारही दोरी ओढून मदत मागवू शकतो, आणि अडचण वेळेत सुटली नाही तर जुळणीची अख्खी रांग थांबते. नियम वरचा, थांबवायचा अधिकार खालचा. 'ही लिफ्ट मी आज चालू करणार नाही' असं म्हणायला तुमच्या टेक्निशियनला कुणाची मंजुरी लागत असेल, तर बाकीची सगळी दुरुस्ती मागे ठेवा आणि ते आधी बदला. सेन्सर उशिरा बसला तर ग्राहक चिडतो. इथे माणूस जातो.

वेळापत्रकाबद्दल मी फार लिहीत नाही. ज्याला टेक्निशियन ओळखीचे आहेत आणि साइट माहीत आहेत, त्याने ते करावं. सवलतीचंही तसंच. वर्षाची एक मर्यादा घालून द्या, शाखेने ती हवी तशी वापरावी, वर्षअखेरीला तिच्याशी बोला.

तुमच्या त्या जुन्या व्यवस्थापकांची झोप मात्र मला हलकी घ्यावीशी वाटत नाही. व्यवस्थापनावर लिहिणारे लोक (मीसुद्धा) गृहीत धरतात की प्रत्येकाला अधिकार हवाच असतो. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या 'व्हाइटहॉल' अभ्यासांत असं आढळलं की ज्यांचा स्वतःच्या कामावर ताबा कमी असतो त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त असतो, आणि ही गोष्ट सगळे हिरिरीने सांगतात. पण तुमचे व्यवस्थापक खोटं बोलत नाहीत. पूर्वी त्यांच्याकडे जे होतं त्याला अधिकार म्हणणं कठीण आहे. सुटे भाग नव्हते, माणसं कमी होती, आणि चूक झाली की ती एकट्याच्या अंगावर यायची. नुसती जबाबदारी खाली ढकलायची आणि तिला विकेंद्रीकरण म्हणायचं, हा प्रकार फार जुना आहे. अधिकार परत देताना त्यांना विचारा : कोणता निर्णय तुम्हाला हवा आहे, आणि तो घेताना कशाची भीती वाटते? 'माझ्या सहीने घेतलेला भाग निकृष्ट निघाला तर मीच चोर ठरणार' असं ते म्हणाले, तर दोष त्यांच्या स्वभावाचा नाही. शाखेची चूक आणि शाखेची लबाडी यांत मुख्य कार्यालय फरक करतं, हे त्यांना एकदा प्रत्यक्ष दिसावं लागेल. त्यासाठी एखाद्याच्या प्रामाणिक चुकीवर संचालकांनी सगळ्यांसमोर शांत राहावं लागेल. सोपं नाही ते. आणि सगळं करूनही त्यांना नकोच असेल, तर त्यांच्या शाखेला थोडा जास्त आधार वरून द्या. नऊ शाखांना एकाच मापाचा अधिकार दिलाच पाहिजे असा नियम कुठे आहे?

आता ते शेवटून तिसरं वाक्य.

तुम्ही शाखांचा प्रत्येक मेल जाण्याआधी वाचता. संचालक सेन्सरच्या बाबतीत करतात तेच तुम्ही शब्दांच्या बाबतीत करता, आणि कारणही तेच देता : दर्जा. तुमचे शाखा व्यवस्थापक मेल कसे लिहीत असतील याचा मी अंदाज करतो. ढोबळ, अर्धवट, 'मॅडम बघतीलच' म्हणून. तुम्ही दुरुस्त करता, त्यांचे मेल आणखी ढोबळ होत जातात, आणि तुमची खात्री पक्की होते की आपण नसतो तर काही खरं नव्हतं. तिकडे ग्राहक संध्याकाळी सहाला विचारतो आणि उत्तर रात्री अकराला मिळतं. त्याच्या दृष्टीने त्या लिफ्टची एक मंजुरी तुमच्याकडेही अडकलेली असते.

मी तुम्हाला दोष देत नाही. वाईट मेल गेला तर संचालक तुम्हालाच विचारणार, हे मला ठाऊक आहे. अडवणूक साखळीने खाली येते, मधल्या माणसाला ती आपलीच काळजी वाटू लागते. पण टिपणाआधी तुमच्याकडे तीन आठवडे आहेत, आणि ह्याहून स्वस्त प्रयोग तुम्हाला मिळणार नाही. तीन शाखा निवडा. उत्तम शाखा निवडू नका, मधल्या घ्या. त्यांचे मेल आधी वाचणं सोमवारपासून बंद करा. कोणत्या गोष्टी मेलमध्ये लिहायच्याच नाहीत ते अर्ध्या पानात लिहून द्या : अपघाताची जबाबदारी मान्य करणं, कराराच्या बाहेरचं आश्वासन देणं, अशा चार-पाच. शुक्रवारी गेलेल्या मेलपैकी काही मधूनच उचलून वाचा आणि ज्याने लिहिलेत त्याच्याशी बोला. पहिल्या आठवड्यात एखादा मेल तुम्हाला घाम फोडेल. तेव्हा फोन उचलून पुन्हा पूर्वीसारखं करू नका. उत्तर द्यायला लागणारा वेळ, ग्राहकाचे उलट आलेले मेल, आणि झालेल्या चुका, तिन्ही शाखांचे आणि उरलेल्या सहांचे, असं मांडून ठेवा. चुका वाढल्या तर तेही लिहा. टिपणात स्वतःवर केलेला प्रयोग असला की संचालकांना 'ही मला शिकवतेय' असं वाटत नाही, आणि स्वतःच्या टेबलावरच्या गठ्ठ्याकडे बघायला त्यांनाही जरा सोपं जातं.

टिपण लांब नको. एक तक्ता पुरे. डावीकडे निर्णय, पुढे तो कळण्यासाठी लागणारी माहिती कुणाकडे आहे, चुकला तर नुकसान कुणाचं आणि भरून येणारं की न येणारं, आणि सध्या सही कुणाची. बऱ्याच ओळींत माहितीचा आणि सहीचा रकाना एकमेकांपासून किती लांब आहेत हे त्यांना स्वतःलाच दिसेल. मग एवढंच मागा : दोन शाखांत, सहा महिने, ठरलेल्या दर-यादीतले सुटे भाग मंजुरीशिवाय, आणि महिन्याला नऊही शाखांच्या दरांचा ताळा. संचालक विचारतील, परत कुणी मेहुणा निघाला तर? 'निघेल कदाचित, पण या वेळी तो दुसऱ्याच महिन्यात सापडेल' असं सांगा.

आणि सोडून गेलेल्या त्या दोन इंजिनिअरांना फोन करा. परत या म्हणायला नको. नेमकी कोणती सही मागताना त्यांना पहिल्यांदा वाटलं की आता पुरे, एवढंच विचारा. ते जे सांगतील त्या सह्या जशाच्या तशा टिपणाच्या पहिल्या पानावर घाला. त्यात एखादी तुमची निघाली तर ती खोडू नका.